शेवटच्या रिळातला दिगू

मोडनिंबच्या लाइनवर त्या सकाळी आवाज दुसराच होता. मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, बाहेरगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर बसते. गेली काही वर्षं सकाळपाळीला रोज, बाजार उघडायच्या सुमाराला, मोडनिंबच्या पोस्टातून एक फोन ठरलेला असायचा. करणारा दिगू. दिगंबर सुरवसे. तिथल्या एका अडत दुकानात तो कामाला होता आणि सोलापूरच्या मार्केट यार्डातले भाव विचारायला पोस्टात येऊन उभा राहायचा. बोर्डावरच्या बाईनं गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या नाहीत असा आमच्याकडे नियम आहे, आणि आमच्या सुपरवायझरबाई हातात छडी नसली तरी असल्यासारख्या पाठीमागून फिरत असतात. त्यामुळे आमचं संभाषणही ठरलेलं. तो विचारायचा, "बरी आहेस?" मी म्हणायची, "बरी आहे. जोडते." संपलं. त्या दिवशी मात्र पोस्टमास्तर स्वतः बोलले आणि त्यांनी यार्डाचा नव्हे, नवी पेठेतल्या एका कापड दुकानाचा नंबर मागितला. लाइन नीट लागली की नाही हे बघायला आम्हाला क्षणभर कान द्यावाच लागतो. तेवढ्यात ऐकलं... "तुमच्याकडं पूर्वी कामाला होते ते सुरवसे आज पहाटे वारले. छातीत कळ आली. बहिणीनं कळवायला सांगितलंय. दहाच्या आत नेणार आहेत." दुकानाचे मालक म्हणाले, "अरेरे." मग म्हणाले, "बरं."

मी प्लग काढायचा विसरले. शेजारच्या मुलीनं हात लांब करून काढला. पुढचा दिवा लागला होता, त्याला मी "बोला" म्हटलं, त्याच्यापुढच्यालाही म्हटलं. दुपारी ड्यूटी सुटली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. घरी जाऊन मी भात टाकला आणि एकटीच जेवले. कुणाला सांगावं असं माणूस आठवेना. दिगू गेला असं म्हटलं असतं तर सोलापुरात कुणीतरी म्हणालं असतं, "कोण दिगू? तो मयतीच्या सिनेमातला?" आणि हसलं असतं. त्यापेक्षा भात बरा.

हो, तोच. मयतीच्या सिनेमातला. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली सोलापुरात एक विनोदी चित्रपट तयार झाला होता, 'सर्व सामान मिळेल' नावाचा. ज्यांनी पाहिला त्यांना तिरडीचे विनोद तेवढे आठवत असतील, पुष्कळांना तेही आठवत नसतील. तो लिहिला होता दिगूनं आणि त्यातला नायक, मयतीच्या सामानाचा दुकानदार बाबूराव, तोही दिगूच होता. मी त्यात एका सावकाराची म्हातारी बायको झाले होते. वय तिशीच्या आतलं, केसांना पावडर फासून म्हातारी केली होती. माझ्या आईनं त्या पावडरीवरून महिनाभर तोंड सोडलं होतं.

मूळचा दिगू कापड दुकानातला सेल्समन. नवी पेठेत लग्नसराईला जे गेले असतील त्यांनी त्याला पाहिलं असेलच, नाव माहीत नसेल इतकंच. उंच, किडकिडीत, पुढचे दात किंचित पुढे, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तो काही देवमाणूस नव्हता हे आधीच सांगते, कारण असल्या लेखांतून गेलेला माणूस हमखास देवमाणूस होतो. दिगू चिडका होता, आमच्या हौशी नाटकांच्या तालमीला स्वतः उशिरा यायचा आणि दुसऱ्यावर डाफरायचा. पण बाईमाणसाला शालू दाखवावा तर त्यानंच. अन् गिऱ्हाईक उठलं, काही घेवो न घेवो, की दिगू गादीवरून अर्धवट उठून म्हणायचा, "या हं." सगळेच दुकानदार म्हणतात. दिगूच्या म्हणण्यात काय होतं कुणास ठाऊक, पण बायका पायरी उतरता उतरता मागं वळून "येतो" म्हणून जायच्या. मी एक्स्चेंजमधून घरी जाताना त्याच रस्त्यानं जायची. पायरीपाशी थांबायची, दोन शब्द बोलायची, "येते" म्हणायची. तो म्हणायचा, "ये हं, कुसुम." माझ्या पाळ्या बदलायच्या, पण रस्ता मी बदलला नाही. मला तो आवडायचा. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, आणि आता ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

चित्रपटाची कल्पना त्याला दुकानातच सुचली. कापड दुकानात शालूही विकला जातो आणि कफनाचं पांढरं कापडही विकलं जातं. दिगू सांगायचा की कफन घ्यायला आलेला माणूस घासाघीस करत नाही, पोत बघत नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जाताना "येतो" म्हणत नाही. आपण एरवी कुणाच्या घरून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि घरचे "या" म्हणतात. फक्त मयताच्या घरी आणि मयतीच्या कामात हे दोन्ही शब्द गिळायचे असतात. परत यायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. "आमच्याकडं असलं गिऱ्हाईक महिन्यातनं चार-दोन," दिगू म्हणायचा, "पण भवानी पेठेत तो सामानवाला आहे, त्याच्याकडं सगळी तसलीच की. त्या माणसाला जन्मात कुणी येतो म्हटलं नसंल, आणि त्यानं कुणाला या म्हटलं नसंल. दुकानदार असून. लई वाईट वाटतं बघ मला त्याचं." मी म्हटलं, "मग यात विनोद कुठं आहे?" तो म्हणाला, "विनोद घालू की. नुसतं वाईट वाटलेलं कोण तिकीट काढून बघतंय?"

विनोद त्यानं घातला, आणि भरपूर घातला. समोरासमोर दोन सामानवाले. एकानं पाटी लावली 'एका तिरडीवर मडके मोफत', की दुसरा लावणार 'मडके आमचे फुटणारच, न फुटल्यास बदलून मिळेल'. एक हप्त्यानं सामान देतो, दुसरा आगाऊ नोंदणी सुरू करतो. गावातला चिक्कू सावकार स्वस्तात पडतं म्हणून स्वतःचीच नोंदणी करतो आणि मग रोज सकाळी दुकानात येऊन आपला बांबू तपासतो. हा वाकडा आहे, हा किडका आहे, याच्यावर मी जाणार नाही... बाबूराव बिचारा रोज नवा बांबू काढून दाखवतो. पैसा घातला मोडनिंबच्या तात्यांनी. तात्या अडत व्यापारी, दिगूची थोरली बहीण शांताक्का त्यांच्या शेजारघरात दिलेली, त्या ओळखीतून दिगूनं त्यांना गाठलं होतं. दिग्दर्शक कोल्हापूरहून आणला. तो दर दोन प्रसंगांनंतर विचारायचा, "यात कुणी पडत का नाही?" आणि कुणाला तरी पाडायचा.

भवानी पेठेतल्या एका बोळात चित्रीकरण झालं. अंत्ययात्रेचा प्रसंग होता, कॅमेरा एका माडीवर ठेवलेला, खाली आम्ही सगळे रडत चाललेलो. चालता चालता बघते तर एक अनोळखी गृहस्थ टोपी काढून आमच्याबरोबर चाललेले. नुसते चालले नाहीत, पुढे होऊन त्यांनी खांदाही दिला. बोळाच्या टोकाला दिग्दर्शकानं "कट" म्हटलं, तिरडीवरचा नट उठून बसला आणि त्यानं बिडी मागितली. ते गृहस्थ भिंतीला टेकले. पाणी पाजल्यावर म्हणाले, "मला वाटलं कुणीतरी आपल्यातलंच असंल. विचारायचं कसं असल्या वेळी?" दिगू पोट धरून हसला. संध्याकाळी मला म्हणाला, "असं न विचारता खांदा देणारं गाव आहे हे, कुसुम." मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं, गावाचंही.

शेवटचा प्रसंग माझा आणि त्याचा. सावकार एकदाचा मरतो आणि त्याची बायको, म्हणजे मी, सामान न्यायला येते. संहितेत एवढंच होतं की बाबूराव सामान बांधून देतो, म्हातारी काही न बोलता ते उचलायला माणसाला सांगते आणि जाते. आम्ही उभे राहिलो. दिगूनं सामान बांधलं. सबंध सिनेमाभर सावकाराची टिंगल केलेला तो माणूस बांबू निवडताना एक बाजूला ठेवतो, दुसरा ठेवतो, तिसरा सरळ निघतो तो घेतो... हे त्यानं आयत्या वेळी केलं, मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आणि त्या गडबडीत, पायरी उतरताना, रोज घरी जाताना म्हणायची त्या सवयीनं मी म्हणून गेले, "येते हं." दिगूही सवयीचा गुलाम. गादीवरून अर्धवट उठून म्हणाला, "या."

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला, पुन्हा घेऊ म्हणाला. एवढी मोठी चूक, तीही भवानी पेठेत, खऱ्या सामानाच्या दुकानात उभं राहून. पण दिगू तसाच अर्धवट उठलेला होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं होतं. "पुन्हा घ्यायचं न्हाई," तो म्हणाला. "हाच माझा सिनेमा. बाकीचं सगळं तुमचं, पाहिजे तितकं पाडा लोकांना. एवढं राहू द्या." दिग्दर्शक वैतागला, तात्या मोडनिंबहून येऊन बसले, शेवटी कच्ची फिल्म संपत आली होती म्हणूनही असेल, पण तो प्रसंग राहिला. त्याच्या मोबदल्यात तात्यांनी मध्यंतरानंतर एक नाच घुसवला. सावकाराला स्वप्नात अप्सरा दिसतात, त्यांच्या हातांत मडकी.

चित्रपट चांगला होता असं मी म्हणणार नाही. पहिला अर्धा भाग फर्मास, नाचापासून लंगडायला लागतो, मधे एक मारामारी तर कशाला आहे ते मलाही अजून कळलेलं नाही. पण दिगूचं सगळं लक्ष त्या शेवटच्या रिळावर होतं. "हसून हसून दमलेली माणसं तिथं गप होतील बघ," तो म्हणायचा. "आणि मग त्यांना कळंल, आपण कुणाला हसत होतो."

सोलापुरात पहिला खेळ लागला तेव्हा मी बायकांच्या बाजूला बसले होते, तो मागं उभा होता. सुरुवातीला लोक इतके हसत होते की पुढचं वाक्य ऐकू येईना. नाचाला शिट्ट्या पडल्या. मारामारीत लोक चहाला जाऊन आले. मग शेवटचा प्रसंग. पडद्यावरची मी "येते हं" म्हणाले आणि शेजारच्या बाईनं चटकन माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरचा दिगू म्हणाला, "या." लोक गप्प झाले खरे... पण ते दिगूनं सांगितलेलं गप्प होणं नव्हतं. एका बाईनं पोराला काखेत उचललं आणि ती उठली. तिच्यामागं दुसरी उठली. कुणीतरी ओरडलं, "अरे, विधवा बाईला काय या म्हणतोस?" मग खुर्च्यांचा आवाज, मग एक चप्पल पडद्यावर. मी मागं वळून पाहिलं तर दिगू तिथं नव्हता. दुसऱ्या दिवशी टॉकीजवाल्यानं तेवढा तुकडा कापून टाकला आणि सिनेमा मारामारीनंतर लगेच संपायला लागला. आठवडाभर चालला.

तेवढ्यावर मिटलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. चित्रपट पडतात. पण महिन्याभरानं दुकानात एक लग्नाचा बस्ता बांधला जात होता. दिगूनं अर्धा दिवस राबून साड्या दाखवल्या, गठ्ठे बांधले आणि नवरीची आई उठली तेव्हा सवयीनं म्हणाला, "या हं." त्या बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच ना ते सिनेमातले?" म्हणाली, आणि बांधलेला गठ्ठा गादीवर ठेवून पोरीचा हात धरून पायरी उतरली. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं दिगूला काढलं नाही. फक्त म्हणाला, "दिगू, तू कापड दाखव, फाड, दे. बोलायचं काम माझ्याकडं राहू दे." दिगूनं मान हलवली. त्या दिवसापासून तो दुकानात मुका झाला. पेठेतल्या लग्नांच्या अक्षता त्याच्या घरापर्यंत यायच्या थांबल्या. कुणी ठरवून केलं नाही. जो तो म्हणायचा, आपला विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं मन कशाला मोडा. भर नवी पेठेत, माणसाला माणूस घासतंय अशा रस्त्यावर, तो गादीवर बसून थान उलगडायचा आणि गिऱ्हाईक मालकाकडे बघून निरोप घ्यायचं.

मी थांबायची पायरीपाशी. "येते," म्हणायची, मुद्दाम मोठ्यानं. तो नुसता हात वर करायचा. एकदा मी चिडले, म्हटलं, "मला तरी म्हण की. मला काय होतंय?" तो हातातल्या कापडाची घडी घालायला लागला. "तुला म्हणवत न्हाई," म्हणाला. "दुसऱ्या कुणाला काय झालं तर झालं. तुला काय झालं तर मी काय करू?" तो असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हता. सगळ्या गावानं ठेवला म्हणून ठेवायला लागला होता. मला आनंद व्हावा असं ते वाक्य होतं, पण मी रस्ताभर रडत घरी गेले.

पुढं आई वारल्यावर त्याचं सोलापुरात कुणी राहिलं नाही आणि तो शांताक्काकडे मोडनिंबला गेला. तात्यांनी अडतीत ठेवून घेतला. मी समजले, बिचारा तोंड लपवायला गेला. त्यानंतर आमच्यात राहिलं ते पोस्टातलं "बरी आहेस?" इतकंच. त्याच्या आवाजावरून मला वाटायचं की तो आता बरा आहे. कशानं ते विचारायला लाइन मोकळी नसायची.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले. हमरस्त्याला एस.टी. सोडते, तिथून घर जवळच आहे. ओसरीवर बायका बसल्या होत्या. मयताच्या घरी बसतात तशाच, कुणी बोलायचं, मग सगळ्यांनी गप्प व्हायचं, मग एकेकीनं पदर सावरून न बोलता उठून जायचं. शांताक्कानं मला जवळ बसवून घेतलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सिनेमानं त्याचं वाटोळं केलं, अक्का."

"वाटोळं? असं कोण म्हनलं तुला?" ती म्हणाली. "तुला त्यानं तंबूतलं सांगितलं न्हाई व्हय?"

"फोनवर बोलू देत नाहीत आम्हाला."

मग तिनं सांगितलं. दिगू मोडनिंबला आला त्याच वर्षी जत्रेत तंबू टॉकीज आली होती. तात्यांच्या गोदामात पोत्यांमागे सिनेमाची एक प्रत पडून होती, ती त्यांनी हौसेनं लावायला दिली. सोलापूरच्या टॉकीजवाल्यानं कापला तो त्याच्याकडच्या प्रतीतला तुकडा, या प्रतीला कुणी हात लावला नव्हता. दिगूला कळलं तेव्हा तो थांबवायला धावला, पण तोवर खेळ सुरू झालेला. "तंबूच्या दोरीला धरून हुबा ऱ्हायला," शांताक्का म्हणाली, "म्हनला, अक्का, आता हितनं बी उठावं लागनार."

तेवढ्यात ओसरीच्या कोपऱ्यातली एक म्हातारी बोलली. गोदाबाई तिचं नाव, लोकांच्या रानात मजुरीला जाणारी. तिला कुणी विचारलं नव्हतं. "माझा म्हातारा गेला तवा घरात पोरगं न्हाई, काय न्हाई," ती म्हणाली. "मीच गेले सामान आनायला. निगताना मी बी त्या दुकानदाराला येते म्हनून आले. जल्माची सवय, जीभ काय आपल्या हातात असती व्हय? त्यो दुकानदार असा बगाय लागला माज्याकडं... मला वाटलं, माजं लई मोटं पाप झालं. कुनाला बोलले न्हाई. आन् तंबूत बगते तर ती सिनेमातली बाई तसंच म्हनली. आन् ह्यो म्हनला, या. मी म्हनलं, म्हंजी येड्यावानी मी एकलीच न्हाई की." ती माझ्याकडे बघत होती, पण ती बाई म्हणजे मी हे तिला माहीत नव्हतं आणि मला सांगवलं नाही.

शांताक्का म्हणाली, तंबूतून कुणी उठलं नाही. मागं बसलेल्या बायका पदराला डोळे पुसत होत्या. खेळ सुटल्यावर ही गोदाबाई दिगूपुढं जाऊन उभी राहिली, "येते रं," म्हणाली आणि त्यानं "या" म्हणेपर्यंत हललीच नाही. तिच्यामागून बाकीच्या. तिथून पुढं मोडनिंबात कुणी अडतीवरून उठलं की आधी दिगूला येतो म्हणायचं. "त्यो तोंड लपवाय आला हुता हितं, खरं हाय," शांताक्का म्हणाली. "पन ऱ्हायला त्या म्हातारीमुळं."

मला इतका राग आला, आणि कुणाचा आला ते कळेना. इतकी वर्षं मी त्याची कीव करत होते आणि तो तिकडे सुखात होता. रोज माझ्या कानाशी यायचा आणि दोन शब्द बोलून जायचा, त्यात हे मावलं नसतं हे मला कळत होतं, तरी आला. गोदाबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली, भिंतीशी लावलेल्या दिव्याकडे तोंड केलं आणि ओसरीवरच्या सगळ्या बायकांच्या देखत स्वच्छ म्हणाली, "येते रं दिगू." एका बाईनं तोंडावर पदर घेतला. शांताक्कानं तिला अडवलं नाही. गोदाबाई पायरी उतरून गेली. मग मी उठले. माझ्या ओठांवर होतं, पण ज्या गावात मी वाढले त्या गावानं ते बाहेर येऊ दिलं नाही. मी रीतसर, न बोलता, निघून आले.

येते म्हणाले नव्हते, तरी गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. रात्रपाळी करून तशीच सकाळच्या गाडीनं गेले. शांताक्काला काही नवल वाटलं नाही. तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, डोळे बघ कसे झालेत, जरा पड. मला दिगूच्या खोलीत नेलं. खोलीत एक खाट, एक खुंटी आणि भिंतीतल्या फडताळात घरातल्या सगळ्या चादरी रचून ठेवलेल्या. आपल्या सोलापुरी चादरी, पण घडी घरातली नव्हती. काठाला काठ, नक्षी वर, चारी कोपरे धारेत, दुकानात थान रचतात तशी. "रोज सांजचं बसून घालायचा," शांताक्का म्हणाली. "त्यो गेल्यापासनं मी एक बी मोडली न्हाई. गोधडीवर भागवतीया." तिनं वरची चादर काढली, क्षणभर दोन्ही हातांवर धरली आणि झटकून माझ्या अंगावर टाकली. मला नको म्हणायला सुचलं नाही. दुपारभर मी तिच्याखाली पडून होते. झोप लागली नाही. बाहेर शांताक्का धान्य निवडत होती आणि रस्त्यावरून ट्रक जात होते.

उठल्यावर मी घडी घालायला बसले. काठाला काठ लावला तर नक्षी आत गेली, नक्षी वर घेतली तर कोपरे निसटले. तीनदा मोडली, चौथ्यांदा गुडघ्यावर दाबून धरली. शांताक्का दारात येऊन उभी होती, कधीची कोण जाणे. "गाडी जाईल तुजी," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तशीच. पुढल्या खेपेला घाल." मी चादर खाटेवर ठेवली, तोंड धुतलं आणि एस.टी. गाठायला निघाले.